एक दात इकडे की तिकडे

बाबा,

टीचरांची पांढरी गाडी गेल्या मंगळवारी आपल्या दारात येऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण तुमच्याशी कडाडून भांडावं असं वाटलं ते या आठवड्यात. बावीस वर्षांपूर्वी याच गाडीवरून तुम्ही मला गॅरेजमधून बाहेर काढलंत. तेव्हा चुकलं कोण, तुम्ही की मी, एवढंच मला विचारायचं आहे. पण मनातल्या मनात भांडण सुरू करते, दोन वाक्यं जोरात म्हणते, आणि तिसऱ्या वाक्याला ते माझ्यावरच उलटतं. म्हणून म्हटलं, लिहून बघावं. दुकानातल्या कच्च्या वहीत लिहितेय. मागच्या पानांवर कुणाचा पंप पाणी ओढत नाही, कुणाच्या मिक्सरला जळका वास येतो असलं काहीबाही आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

आई बरी आहे. एकटीच राहते, कसालला माझ्याकडे यायचं नाव काढत नाही. मंगळवारी आमचं दुकान बंद असतं, तेव्हा मी तिच्याकडे येते. गॅरेजची शेड उभी आहे. आई तिथे नारळ आणि चुलीची लाकडं ठेवते. गाडीखाली उतरायच्या तुमच्या खड्ड्यावर आम्ही फळ्या टाकल्या, कारण शेजाऱ्यांचं वासरू एकदा त्यात पडलं आणि ते काढायला अर्धी वाडी गोळा झाली. हत्यारं मात्र आईने कुणाला दिली नाहीत. मागायला बरेच आले. ती म्हणाली, गंजली तर गंजू देत, पण घरात गंजू देत. तशी ती गंजलेली नाहीत, कारण दर पावसाळ्यापूर्वी ती स्वतः त्यांना खोबरेल लावते. इंजिनाच्या हत्यारांना खोबरेल लावणारी बाई अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल.

तर त्या मंगळवारी दुपारी मी झावळं ओढून शेडमागे टाकत होते, आणि रस्त्यावरून गाडी आचके देत आली ती फाटकाशीच बंद पडली. आतून टीचर उतरल्या. तुमच्याकडे दर महिन्याला काही ना काही दुखणं घेऊन येणारे ते सर आठवतात ना, त्यांची बायको. मला चौथीत शिकवायच्या. सर गेले, त्यालाही पाच वर्षं झाली. टीचर आता ऐंशीच्या पुढे आहेत, पाठीत वाकल्यात, पण गाडी स्वतः चालवतात, आणि हॉर्न इतका वाजवतात की वळणापलीकडच्या कोंबड्याही बाजूला होतात.

"तुझ्या बापाशीन बघलेली गाडी ही," त्या म्हणाल्या. "कुडाळाक न्हेलंय तर ते म्हणतत, जुनी झाली, भंगारात घाला. माका ऐंशी वर्सां झाली, माका पण घालतले?"

"टीचर, मी गाडये नाय करत. मी मिक्सर करतंय."

"गाडी म्हणजे काय गो, मोठो मिक्सरच मा!"

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. बॉनेटवर हात टेकून म्हणाल्या, "माझी भयण बांद्याक खाटीर पडान आसा. दर आयतवारी मी जावन तिका भरवतंय. मी गेलंय नाय तर ती जेवणा नाय. माका गाडी धावडवूची नाय. फक्त बांद्याक पोचाक व्हयी." आणि पर्समधून एक छोटा खोका काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. आत नवा कोरा सेन्सर होता. कुडाळच्या गॅरेजवाल्यांनी मशीन लावून बघितलं होतं, कॅमचा सेन्सर गेलाय एवढं त्यांनी बरोबर सांगितलं होतं. पार्ट त्यांच्याकडे नव्हता. तो टीचरांच्या गोव्यातल्या भाच्याने कुठून तरी शोधून पाठवला, पण बसवून द्यायला कुणी तयार होईना. जुन्या गाडीला हात लावला की नवं दुखणं गळ्यात पडतं, हे तुम्हीसुद्धा म्हणायचातच की. फक्त म्हणायचात आणि हात लावायचात.

तुम्हाला सांगायला नको, पण मलाच सगळी उजळणी करावी लागली. इंजिनाच्या डोक्यावर कॅम फिरतो, त्याला खालून पट्टा फिरवतो. पट्ट्याला दात असतात आणि तो एक दात जरी पुढे-मागे बसला तरी इंजिनाची सगळी वेळ चुकते. कॅमच्या मागच्या टोकाला हा सेन्सर. कॅम फिरत फिरत कुठवर आला ते तो गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून ठिणगी कधी पाडायची ते ठरतं. तुमच्या जुन्या गाड्यांत त्या जागी ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असायचा. या गाडीत तो गेला, पण त्याची बसायची तऱ्हा राहिली. सेन्सरच्या घराला, म्हणजे बाहेरच्या डबीला, दोन बोल्ट, बोल्टांची भोकं लांबट. बोल्ट ढिले केले की घर थोडंसं इकडे-तिकडे फिरवता येतं आणि ठिणगीची वेळ लवकर किंवा उशिरा होते. बाकीचे लोक हे काम टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावून करतात. तुम्ही कानाने करायचात. इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, घर जरा जरा फिरवत राहायचं, आवाज मनासारखा लागला की बोल्ट आवळायचे, आणि छिन्नीने एक रेघ मारायची. अर्धी घरावर, अर्धी इंजिनावर. पुन्हा कधी उघडलं तर रेघेला रेघ जुळवायची, संपलं.

बॉनेट उघडून मी किटण पुसलं आणि तुमची रेघ दिसली. बाबा, मला रडू आलं. मी उठसूट रडणारी बाई नाही, तुमच्या अकराव्याला सुद्धा मी कोरडीच होते आणि त्यावरून बायका कुजबुजल्याही होत्या. पण त्या रेघेवर तुमच्या हाताचा जोर दिसत होता, डावीकडे खोल आणि उजवीकडे निसटलेली. मग लक्षात आलं की रेघेला रेघ जुळत नाही. घरावरची रेघ इंजिनावरच्या रेघेपासून चांगली नखभर सरकलेली होती. माझं डोकंच फिरलं. कुडाळवाल्यांनी हात लावला, म्हणून गाडी बिघडली, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सेन्सर काढण्यापूर्वी तो आहे तसा कुठे बसलाय त्याची खूण करून ठेवायची, हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ती केली नाही. तुमची रेघ समोर असताना आणखी खूण कशाला लागते? जुनं घर नव्यावर ठेवून रेघ जशीच्या तशी उतरवून घेतली, नवा सेन्सर बसवला, आणि तुमच्या रेघेला रेघ केसाएवढंही अंतर न ठेवता जुळवली. बोल्ट आवळताना मला वाटत होतं की तुम्ही बघताय.

चावी फिरवली तर स्टार्टरने उलटी लाथ मारली. दुसऱ्यांदाही तेच. चौथ्या-पाचव्या वेळी गाडी कशीबशी सुरू झाली. रस्त्यावर काढून चढावाला नेली तर आतून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. टीचरांनी आणली तेव्हा निदान आचके देत चालत तरी होती.

नवऱ्याला फोन करून सांगितलं की दोन-तीन दिवस दुकान तूच बघ. बुधवारी मी एकेक तार तपासली. कनेक्टर धुऊन, वाळवून पुन्हा बसवले. बॅटरीची टोकं घासली. खारी हवा अर्थिंग खाते, म्हणून नवी तार ओढली. गुरुवारी नव्या सेन्सरवरच संशय घेतला आणि त्या गोव्याच्या भाच्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. एवढं सगळं करून रेघेवर मात्र माझा एकदाही संशय गेला नाही. टीचर रोज संध्याकाळी फोन करून विचारायच्या, "झाली काय गो?" आणि मी म्हणायचे, होतेय. गुरुवारी दुपारी पेज वाढताना आई म्हणाली, "जमणा नाय तर तसा सांग त्यांका. बापाशीचा नाव कित्याक घालवतस?"

तेच स्वयंपाकघर, तीच चूल, आता बाजूला गॅस आलाय इतकंच. तुम्ही रॉकेलने हात धुऊन, वर साबणाची पूड चोळून आत यायचात, तरी पेजेच्या वाटीला काळं बोट लागायचंच, आणि आई ती वाटी वेगळी ठेवायची. त्याच जागी बसून मी तुम्हाला आयटीआयचा फॉर्म दाखवला होता. मोटर मेकॅनिक. तुम्ही फॉर्म उलटासुलटा करून बघितलात, नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत. आठ दिवसांनी एक पुडकं आणून माझ्यासमोर टाकलंत. आत निळा बॉयलर सूट. माझ्या मापाचा तयार मिळत नव्हता म्हणून तुम्ही बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. शिंप्याने विचारलं होतं, कुणाच्या मापाचा? तर तुम्ही म्हणाला होतात, मेस्त्रीच्या. हे मला तुम्ही नाही सांगितलंत, शिंप्याने सांगितलं, तेही माझ्या लग्नाचा ब्लाउज शिवताना. ही गोष्ट मी नेमकी विसरत आले. का, ते पुढे कळेल.

आता तो दिवस. मी आयटीआय पास होऊन सहा महिने झालेत. सरांची ही गाडी तेव्हा नवलाईची, आपल्याकडे आलेली पहिली कॉम्प्युटरवाली, इंजेक्शनची गाडी. पट्टा बदलायचा आहे. तुम्ही म्हणता, तू कर. मी दुपारपर्यंत करते. सर आणि आणखी दोन गिऱ्हाइकं बाकड्यावर बसलीत, तुम्ही त्यांच्याबरोबर चहा पिताय. मी पट्ट्याचं झाकण लावते आणि हाक मारते. तुम्ही येता, मी लावलेलं झाकण काढता, वाकून बघता, आणि सरळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "एक दात चुकलो हा. बाजूक हो." मी म्हणते, बाबा, नाय चुकलो. तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेता. "आजपास्ना तुझ्या हातात गाडी देवचंय नाय." सर मध्ये पडायला जातात, तुम्ही त्यांनाही गप्प करता. तासाभरात तुम्ही पट्टा पुन्हा बसवता, गाडी सुरू करता, डोळे मिटून सेन्सर फिरवता आणि छिन्नीने रेघ मारता. गाडी गुणगुणत सरांच्या घरी जाते.

त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही एकच वाक्य बोललात. "सकाळी बेगीन उठ." ते तुम्ही मला परत कामावर बोलावण्यासाठी म्हणालात की टोमणा म्हणून, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही. मी टोमणा धरला. सकाळी उठले, पण शेडकडे गेले नाही. तुम्हीही हाक मारली नाहीत. पुढे मी मोटर वाइंडिंग शिकले, कसालला लग्न झालं, आणि मिक्सर-पंप माझ्या नशिबी आले. वाईट चाललं नाही. दोन वर्षांपूर्वी महिला दिनाला आमच्या बचत गटाच्या बायकांनी माझा सत्कार केला. मी माइकवर ही गोष्ट सांगितली. माझे वडील नावाजलेले मेस्त्री होते, मुलगी म्हणून त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला, असं सांगितलं. बॉयलर सूटचं सांगितलं नाही. खूप टाळ्या पडल्या. घरी येताना त्या टाळ्यांनी मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

शुक्रवारी सकाळी मी बंदरावर गेले. होड्यांची मशिनं दुरुस्त करणारा तुमचा तो जुना दोस्त अजून आहे. त्याच्याकडून टायमिंग लाइट मागितला. देताना तो म्हणाला, "तुझो बापूस ह्या बघून हसायचो. म्हणायचो, कान फुटले काय तुझे?" मीही हसले. घरी येऊन लाइट लावला आणि हसू गेलं. ठिणगी फार लवकर पडत होती. थोडीथोडकी नाही, एका दाताच्या हिशेबाने. मग मी ते पट्ट्याचं झाकण उघडलं. वरच्या चाकाची खूण आपल्या जागी, खालच्या चाकाची खूण आपल्या जागी. पट्टा अगदी बरोबर. सेन्सरचे बोल्ट ढिले केले, लाइटात बघत घर मागे फिरवलं, आणि ठिणगी जिथे पडायला हवी तिथे आली तेव्हा घर तुमच्या रेघेपासून चांगलं नखभर सरकलं होतं. म्हणजे टीचरांनी गाडी आणली तेव्हा जिथे होतं, बरोबर तिथे. कुडाळवाल्यांनी काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं मी, तुमची रेघ प्रमाण मानून.

स्टार्टरने लाथ मारली नाही. चढावाला आवाज नाही. मी टीचरांना फोन केला, त्या रिक्षा करून आल्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, की पट्टा मध्ये कधी बदलला होता का. त्या म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर सरांनी कुडाळला बदलून घेतला. "तेच्या आदी गाडी चढावाक दमायची. सर म्हणायचे, मेस्त्रींका सांगूया, पण सांगूक धीर होयना. पट्टो बदललो आणि गाडी पळाक लागली."

बाबा, ऐकताय ना? तुम्ही बसवलेला पट्टा एक दात मागे होता. म्हणून गाडी चढावाला दमायची. ठिणगी उशिरा पडत होती, ती तुमच्या कानाला खटकली, म्हणून तुम्ही सेन्सर पार टोकापर्यंत फिरवून आवाज गोड केलात आणि वर रेघ मारून ते कायम केलंत. कान बरोबर होता, पट्टा चुकला होता. पुढे कुडाळवाल्यांनी पट्टा नीट बसवला आणि सेन्सर मूळ जागी आणला. रेघ तेवढी राहिली. हे कळलं तेव्हा मी शेडमध्ये जाऊन एकटीच मोठ्याने म्हणाले, "बघा!" तुमच्या हत्यारांच्या पेटीवर हात आपटून म्हणाले. मग आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

कारण हिशेब लागत नाही. तुम्ही माझा पट्टा एक दात सरकवलात, आणि सरकवल्यावर तो एक दात चुकीचा झाला. म्हणजे आधी तो बरोबर होता. किंवा आधी तो दोन दात चुकीचा होता, तुम्हाला एकच दिसला, आणि एक राहून गेला. दोन्ही होऊ शकतं. कदाचित तुम्ही सगळाच उतरवून नव्याने बसवलात, मग आधीच्याचा आणि नंतरच्याचा संबंधच उरत नाही. तुमची नजर तेव्हा गेली होती का? मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या दुसऱ्या वर्षी झालं. आईला विचारलं तर ती म्हणते, "उजव्या डोळ्यान कमी दिसायचा. पण बांगड्यातलो काटो बरोबर दिसायचो." आता यातून मी काय घ्यायचं? टीचरांचा पहिला तर्क वेगळाच होता. त्यांना वाटलं, सर वेगाने गाडी हाकायचे म्हणून तुम्ही मुद्दाम ती दमवलीत. तुम्ही तसे होतात का? एखाद्याच्या भल्यासाठी त्याची गाडी गुपचूप बिघडवणारे? मला तुम्ही तेवढे माहीत नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय.

आणि एक गोष्ट आहे, जिच्याभोवती मी इतकी पानं नुसती फिरतेय. तुमच्याकडे पट्टा बसवायची एक रीत होती. इंजिन हाताने पुरे दोन फेरे फिरवायचं, मग वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पट्ट्याचे दात बोटाने मोजायचे, आणि तेही मोठ्याने. गिऱ्हाइकं हसायची, मेस्त्री बालवाडीत बसलेत म्हणायची. तुम्ही म्हणायचात, मनात मोजल्यार माणूस मधीच भलत्या इचारात जाता. त्या दिवशी बाकड्यावर सर आणि ते दोघे बसले होते. मी आयटीआयमध्ये पहिली आलेली, अंगावर मापाचा बॉयलर सूट. त्या तीन पुरुषांसमोर एक, दोन, तीन म्हणत बोट फिरवायची मला लाज वाटली. मी फेरे फिरवले नाहीत. दात मोजले नाहीत. खुणा डोळ्यांनी जुळल्यासारख्या दिसल्या आणि झाकण लावलं. तुम्ही आलात तेव्हा पहिल्यांदा "एक दात चुकलो" म्हणालाच नाहीत. तुम्ही आधी हळूच विचारलंत, "दात मोजलंस?" मी म्हटलं, "मोजलंय." तुम्ही चार पावलांवर चहा पीत होतात, बाबा. मोजलं असतं तर तुम्हाला ऐकू आलं असतं.

मग तुम्ही झाकण काढलंत. किती वेळ वाकून बघितलंत? एक दात चुकला की नाही हे कळण्याइतका? की बघण्यासारखं काही नव्हतंच, आणि चार लोकांत स्वतःच्या मुलीला खोटारडी म्हणण्यापेक्षा एक दात चुकला म्हणणं तुम्हाला बरं वाटलं? आणि मग रागाच्या भरात तुम्हीच एक दात चुकलात? त्या दिवशी तुम्ही मोठ्याने मोजलंत की नाही, हे आठवायचा मी चार दिवस प्रयत्न करतेय. मी तेव्हा पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या कानांत माझाच राग भरला होता. माझा पट्टा बरोबर बसला असेल तर तो नशिबाने बसला. तो बरोबर होता असं मी म्हणू शकत नाही, चूक होता असंही नाही. मोजला असता तर म्हणू शकले असते.

हे सगळं कुणाला दाखवणार? ही पानं फाडली तर वही उसवेल, नाही फाडली तर नवरा पंपाची नोंद शोधताना वाचेल. सध्या वर पुठ्ठा लावून ठेवते. तुमच्यापर्यंत तर ती जायचीच नाहीत.

टीचर शुक्रवारीच गाडी घेऊन गेल्या. जाताना मी त्यांना रेघेचं समजावून सांगितलं होतं, सेन्सर कुठे होता, का सरकला, पट्टा कुणी कसा बसवला, सगळं. दात मोजण्याचं तेवढं वगळलं. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे बघून छान हसल्या, आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या दिसा बापूस चुकलो. तू बरोबर व्हतंस!"

मी म्हटलं, "होय, टीचर."

काल त्या बांद्याला जाऊन आल्या. बहीण दोन वाट्या पेज जेवली, आणि जेवता जेवता त्यांनी तिला ही सगळी गोष्ट सांगितली, असा त्यांचा फोन होता.